सातशे वीस मीटरखालचं पाणी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शहादेव पत्र्याच्या खोलीत दाबाच्या काट्यासमोर वाकून उभा होता आणि काटा शून्यावर होता. त्याने काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. शून्य. काल सकाळच्या रकान्यात त्याच्या मेव्हण्याने, बंकटने, तिरप्या अक्षरात अठ्ठावन्न लिहून ठेवलं होतं. जवळजवळ तीन वर्षं त्या रकान्यात अठ्ठावन्नच होता. एकदा सत्तावन्न झाला, तर पुण्याहून माणूस धावत आला होता.

शेजारच्या छोट्या पडद्यावर बोअरच्या तळाचं तापमान दिसायचं. तिथे कायम एक्केचाळीस पूर्णांक दोन असायचे. आज चाळीस पूर्णांक सहा होते. तो पाहत होता तेवढ्यात चाळीस पूर्णांक पाच झाले.

काट्याचा अर्थ साधा होता. धारूरच्या घाटावर, वस्तीपासून अर्ध्या कोसावरच्या माळात पुण्याच्या एका संशोधन संस्थेने सातशे वीस मीटर खोल बोअर घेतला होता. त्यात चारशे तीस मीटरवर एक रबरी बूच बसवलेलं होतं. वरून करंगळीएवढ्या नळीने त्यात वायू भरलेला, त्यामुळे ते फुगून खडकाला घट्ट बसायचं. वरचं पाणी वर राहायचं, खालचं खाली. अठ्ठावन्न म्हणजे बूच फुगलेलं आहे. शून्य म्हणजे बूच आता असून नसल्यासारखं.

बोअर खोलीपासून साठ पावलांवर, उंचवट्याच्या पलीकडे होता. शहादेव तिकडे गेला तेव्हा उजाडलं होतं. परवापर्यंत त्या जागी सपाट मुरूम, तारेचं कुंपण आणि कमरेएवढा वर आलेला लोखंडी पाईप होता. आता पाइपाभोवती आठ फूट लांबीरुंदीचा खड्डा होता, त्याच्या कडा दगडांनी नीट बांधलेल्या. उतारावरून नवी कोरी चारी खोदून आणलेली. कुंपणाला झेंडूचं तोरण. कालच्या पावसाचं तांबूस पाणी चारीतून खड्ड्यात उतरत होतं आणि वाळूतून खाली जाताना पाइपापाशी गुळगुळ आवाज करत होतं.

कोणी काय केलं हे विचारायची गरज नव्हती. बंद पडलेल्या बोअरमध्ये पावसाचं पाणी सोडायचा हा खड्डा होता. या वस्तीत तसला पहिला खड्डा अकरा वर्षांपूर्वी खुद्द शहादेवनेच खोदला होता.

त्याने खोलीतून फावडं आणलं आणि चारीच्या तोंडाचा बांध फोडून पाणी ओढ्याकडे वळवलं. येणारं पाणी थांबलं. खड्ड्यात साठलेलं मात्र खाली जातच राहिलं. पाणी आत जावं म्हणून पाइपाला पाडलेली भोकं दोन मीटर खाली, दगड-गिट्टी-वाळूच्या थरांखाली होती. तिथपर्यंत हात पोहोचायला आधी सगळा खड्डा उपसायला हवा होता. त्याने पुण्याला फोन लावला. लागला नाही.

शहादेव चोपन्न वर्षांचा आहे. त्याच्या बापाचा धंदा विहिरी खोदायचा, त्याचाही तोच. दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचं आणि उन्हाळ्यात परत येऊन पहार हातात घ्यायची, असं त्याने वीस वर्षं केलं. वरून काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण, मधेच हातभर लाल पट्टा आणि पुन्हा मांजऱ्या. धारूरपासून तेलगावपर्यंत कुठल्या रानात कितव्या हाताला काय लागेल, हे तो वर उभं राहून सांगायचा. असं का लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ढिगारे उपसायला गेलेल्या मजुरांत तो होता; दोन महिने तिथे राहिला. परत आल्यावर विहिरीच्या तळाशी उतरला की जेवणाच्या सुटीत काही न बोलता दगडाला पाठ लावून बसायचा. बरोबरचे गडी म्हणायचे, ह्याला तिकडचं लागलं.

मग बोअरच्या गाड्या आल्या आणि हाताने विहिरी खोदणं संपलं. चार वर्षांपूर्वी संस्थेचं यंत्र माळावर उभं राहिलं, तेव्हा शहादेव हमाल म्हणून लागला. यंत्र खडकाचा चुरा करत नव्हतं. उसाच्या कांड्यांसारख्या दगडाच्या लांब गोल कांड्या अख्ख्या वर काढत होतं. त्या क्रमाने पेट्यांत लावायच्या, हे त्याचं काम. एका पेटीत तीन मीटर, अशा दोनशे चाळीस पेट्या. आठ महिन्यांत त्याने एकही कांडी उलटी ठेवली नाही. मुख्य शास्त्रज्ञ रोहिणीने हे पाहिलं. ती मूळची तेलगावची, शिकून पुण्याला गेलेली. काम संपल्यावर बाकीचे मजूर गेले. शहादेवला रोजच्या नोंदींसाठी ठेवून घेतलं.

पेट्यांसमोर उभं राहून रोहिणीने त्याला सांगितलं होतं, ते त्याने बायकोला, वत्सलाबाईला, आपल्या भाषेत सांगितलं : "चुलीवरचं दूध उतू गेलं की थरावर थर बसतो, तसा ह्यो मुलूख हाय. खालून उतू गेलेला. एकदा न्हाई, लई बार. मधी थांबला की वर माती झाली, झाडं आली. परत उतू गेला की ती माती भाजून लाल. त्योच आपला लाल पट्टा."

"आन् कवा झालं हे?" वत्सलाबाईने विचारलं होतं.

"साडेसहा कोटी वर्सं."

"मंग आता कशाला उकरताव?"

उकरायचं कारण त्याही खाली होतं. चारशे दहा मीटरवर काळा दगड संपला आणि गुलाबी-करडा दगड लागला, अडीचशे कोटी वर्षांचा. त्याच्या चिरांमध्ये पाणी होतं; कोमट आणि खारट. त्या पाण्यात जंतू जिवंत सापडतील, असा रोहिणीचा अंदाज होता. ऊन नाही, पान नाही, हवा नाही. दगडातल्या किरणोत्सारामुळे पाण्याचा रेणू फुटतो, हायड्रोजन निघतो, आणि त्यावर ते जगतात. पिढ्यान् पिढ्या, कदाचित माणूस नव्हता तेव्हापासून. पृथ्वीवरचा पहिला जीव उन्हात नव्हे, अशाच कुठल्यातरी ठिकाणी, दगड, पाणी आणि आतली ऊब यांच्या सांध्यात झाला असावा, असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत. रोहिणी त्यांपैकी एक.

पण बोअर घेताना यंत्राबरोबर वरचं पाणी आत गेलेलं असतं. ते निघून जाईपर्यंत बूच लावून वाट पाहायची. दर सहा महिन्यांनी तळाचं थोडं पाणी बारीक नळीने काढून तपासायचं. पाच तपासण्यांत वरच्या पाण्याचा अंश सापडला. जूनमधल्या सहाव्या तपासणीत सापडला नाही. पक्का नमुना घेण्याची तारीख ठरली : चौदा ऑक्टोबर. आज पंचवीस सप्टेंबर, गुरुवार होता. एकोणीस दिवस राहिले होते.

वस्तीला यातलं थोडंफार माहीत होतं. चहाच्या टपरीवर शहादेव आला की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय शहादेव, जेवले का तुजे जंतू?" तो म्हणायचा, "जेवले. तुजी चौकशी करत व्हते." गाव मात्र एका गोष्टीवर ठाम होतं. सातशे वीस मीटर जाऊनही पाण्याचा फवारा उडाला नाही, म्हणजे बोअर फेल आहे. बीड जिल्ह्यात फेल बोअर हा रोजचा विषय. त्याचं काय करायचं, हेही आता सगळ्यांना ठाऊक झालेलं.

पावणेसातला बंकट आला, हातात चहाची किटली. तो गवंडी आहे, वत्सलाबाईचा धाकटा भाऊ. काल बुधवारी वत्सलाबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन परळीला होतं, म्हणून शहादेव नोंदीचं काम आणि कुंपणाची किल्ली त्याच्याकडे देऊन गेला होता. नवरा-बायको रात्री आठच्या एस.टी.ने, पावसात परत आले होते आणि थेट घरी गेले होते.

"बगितलं का दाजी?" बंकट लांबूनच ओरडला. "चाळीस माणूस व्हतं काल. भगवानराव सोता पाट्या उचलत व्हते. एका दिसात केलं!"

"किल्ली कावून दिलीस?"

"दिली न्हाई, मीच उघडलं. पायपाला भोकं कोण पाडनार? तुमी शिकीवल्यावानी केलंय सगळं. मोठाले दगड खाली, वर गिट्टी, वर वाळू. भोकं चार-चार बोटांवर, भवताली काथ्या. एक भोक इकडचं तिकडं न्हाई. मोजून बगा."

"आत नळी व्हती."

"कसली नळी?"

"पायपाच्या आतल्या अंगाला. तुजं ड्रिल तिच्यातून गेलं."

बंकटने किटली खाली ठेवली. "फुस्स झालतं खरं एकदा," तो म्हणाला. "मला वाटलं गॅस धरला आसंल जमिनीत."

शहादेवने त्याला खोलीत नेऊन काटा दाखवला. मग पडदा. चाळीस पूर्णांक तीन. बंकट बराच वेळ पाहत राहिला, जणू त्याने पाहिलं तर आकडा चढेल.

"खड्डा उपसू," तो म्हणाला.

दोघांनी सुरुवात केली. वाळू ओली होती, पाटी जड होत होती. चाळीस माणसांनी दिवसभर भरलेला खड्डा दोन माणसं उपसत होती आणि वाळूची कड आत ढासळत होती. अर्ध्या तासात ते गुडघाभरही खाली गेले नाहीत. सात वीसला रोहिणीचा फोन आला.

शहादेवने सगळं सलग सांगितलं, नोंदवहीत लिहितो तसं. काय दिसलं, किती वाजता, आकडा किती.

"किती वाजल्यापासून पाणी जातंय, काका?"

"काल सातला पाऊस लागला मॅडम. तवापासून धरा."

"म्हणजे बारा तास."

"बारावर वीस मिनिटं."

रोहिणीने आकडा लिहून घेतला.

"मॅडम, मोटर सोडून उपसून काढावं का? मोटरी लई हायत गावात. आत्ता आनतो."

"पाणी निघेल, काका. पाण्यासंगं जे गेलं ते न्हाई निघायचं." रोहिणी एरवी शहादेवशी पुस्तकी मराठीत बोलायची, आज तेलगावचं बोलणं मधेच आलं. "शेणाचे, मातीचे, माणसांच्या पायाचे, सगळे जंतू गेलेत. त्यांना तिथे खायला मिळालं तर ते वाढतील."

"आन् आपले मरत्याल?"

"काही मरतील, काही राहतील. पण बाटलीत जो सापडेल तो खालचा की वरचा, हे खात्रीने सांगता येणार नाही. आणि खात्री नसेल तर या बोअरचं कोणी ऐकणार नाही."

"परत बूच लावून तीन वर्सं थांबलं तर?"

"वरचे तिथे राहिले तर तीनशे वर्षं थांबूनही उपयोग नाही." मग ती म्हणाली, "निदान आणखी पाणी जाऊ देऊ नका. तेवढं बघा."

तेवढंही त्याच्या हातात राहिलं नाही. साडेनऊला ट्रॅक्टरमधून माणसं उतरू लागली. दहाला जलपूजन होतं. भगवानराव, माजी सरपंच, पंचवीस एकरांचे धनी, पांढऱ्या कपड्यांत आले. पायांत कालच्याच चिखलाच्या चपला. ते खरंच पाट्या उचलत होते. हाताला फोड आले होते आणि ते फोड ते लोकांना दाखवत होते. फुटलेला बांध पाहून त्यांनी दोन पोरांना हाक मारली आणि "पान्याबिगर पूजा कशाची करता रं?" म्हणून तो पुन्हा घालायला लावला. पाणी पुन्हा खड्ड्याकडे वळलं.

शहादेव त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. "भगवानराव, ह्या बोअरमधी पानी सोडायचं नव्हतं. मी तीन वर्सं सांगतोय."

"काय सांगतोस?" भगवानराव शांतपणे म्हणाले. "तू सांगितलंस, पानी काढायचं न्हाई. ऐन दुष्काळात पन कुनी मोटर सोडली का? तू म्हनलास म्हनून न्हाई सोडली. आन् आता आमी काढतोय का? देतोय."

ते खरं होतं. तीन वर्षांत तो प्रत्येकाला पाणी काढू नका म्हणून सांगत आला होता. सूचना फलकावर तेच होतं, संस्थेने ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्रातही तेच. कोणी पाणी आत सोडेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं, पुण्याच्या लोकांच्याही नाही. या भागात पाणी राखायचं ते चोरीपासून. दान द्यायला कोणी येईल म्हणून कुलूप कोण लावतो?

"आत जंतू जात्यात," तो म्हणाला.

"आरं, तुला जंतूच पायजे व्हते ना?" मागून टपरीवरचे सुंदरराव म्हणाले, आणि लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. बंकट हसला नाही.

भगवानरावांनी शहादेवच्या खांद्यावर हात ठेवला. "तुजं काम मोठं हाय, मला कळत न्हाई आसं न्हाई. पर खाली जेवढं जाईल तेवढं ह्या वस्तीच्या हिरीला येईल. लेकराबाळांच्या तोंडी लागंल. आता नारळ तुज्या हातनं फोडायचा. पुनर्भरनाचा पहिला खड्डा तुजा."

हे पाणी विहिरींना येणार नाही, हे शहादेवला माहीत होतं. विहिरींचं पाणी वरच्या पंचवीस-तीस मीटरच्या मांजऱ्यातलं; बोअरमध्ये ते थर केसिंग पाइपाने बंद केलेले. सोडलेलं पाणी सरळ खाली, गुलाबी दगडाच्या चिरांत जाणार आणि तिथून कुठेच येणार नाही. तो हे बोलला. दोनदा बोलला. दुसऱ्यांदा बोलला तेव्हा माईक सुरू झाला होता.

त्याला पुढे बोलावलं. शाल घातली, श्रीफळ दिलं. निवेदकाने त्याचं नाव "जलमित्र शहादेव" असं घेतलं. टाळ्या झाल्या. शाल घेऊन तो खड्ड्याच्या कडेला उभा होता. नारळ त्याने फोडला नाही. तसाच हातात धरून राहिला. मग भगवानरावांनीच दुसरा मागवून फोडला. नारळाचं पाणीही खड्ड्यात गेलं. हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि मूठभर तांदूळ त्यापाठोपाठ. फोटो निघाले. कार्यक्रम पस्तीस मिनिटांत आटोपला.

गर्दी पांगल्यावर शहादेव आणि बंकटने बांध पुन्हा फोडला. तोवर खड्डा रिकामा होत आला होता, म्हणजे जे जायचं ते गेलं होतं. दुपारी वत्सलाबाई एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून भाकरी घेऊन माळावर आली. डॉक्टरांनी उन्हात फिरू नका म्हणून बजावलं होतं. तिने खड्डा पाहिला, तोरण पाहिलं, मग भावाकडे वळली.

"बंकट्या, आपरेशन माज्या डोळ्याचं झालं आन् आंधळा तू झालास व्हय रं?"

"अक्का, मला काय ठावं नळीचं."

"तीन वर्सं तुजा दाजी सांगतोय."

"जंतूचं सांगतोय. नळीचं कवा सांगितलं?" बंकट म्हणाला आणि त्याने शहादेवकडे पाहिलं.

शहादेव भाकरी मोडत होता. "न्हाई सांगितलं," तो म्हणाला. "नोंद घ्यायला नळी ठावं आसायची गरज नव्हती."

तिघांनी जेवण केलं. वत्सलाबाईने शाल उचलून घडी घातली, कापड जाडसर आहे, थंडीत उपयोगी पडेल म्हणाली. मग विचारलं, "मंग आता तुमचं काम गेलं का?"

त्याला माहीत नव्हतं. त्याने तिला एवढंच सांगितलं, की खाली जंतू जगत्यात का, ह्या मॅडमच्या सवालाचं उत्तर आता कुणालाच मिळायचं न्हाई, निदान हितून न्हाई. वत्सलाबाईने थोडा विचार केला. "दुसरीकडं खोदत्याल," ती म्हणाली. शहादेव मान हलवत बसला. ती होकाराची होती की नकाराची, हे सांगता येत नव्हतं.

चार वाजता तळाचं तापमान एकोणचाळीस पूर्णांक एकवर येऊन थांबलं. पाचला एकोणचाळीस पूर्णांक दोन झालं. खालची ऊब आत गेलेल्या पाण्याला हळूहळू तापवत होती. खडकाला वरचं पाणी आणि खालचं पाणी सारखंच. शहादेवने दोन्ही आकडे लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं म्हणून त्याने फोन केला.

"झालं तसंच लिहा," रोहिणी म्हणाली. "वेळ लिहा. भोकं किती, खड्डा किती बाय किती. नारळ, हळद, कुंकू, सगळं. काय काय आत गेलं ते मला लागेल."

त्याने लिहिलं. भोकांचा आकडा बंकटने सांगितला : शहाण्णव. कुंकू किती गेलं, यावर दोघांचं थोडं वाजलं. शेवटी 'सुमारे दोन चमचे' असं ठरलं. शेऱ्याला रकाना पुरला नाही, म्हणून मागचं कोरं पान घेतलं. खाली सही केली. बंकटनेही करायची, असा त्याने आग्रह धरला. बंकटने नाव लिहिलं आणि कंसात गवंडी असं घातलं.

नमुन्याची चौदा ऑक्टोबरची तारीख रद्द झाल्याचा निरोप संध्याकाळी सहाला आला. नोंदी थांबवायच्या नाहीत, उलट वाढवायच्या आहेत, असंही त्यात होतं. उद्या, शुक्रवारी, तळाचं तापमान चार वेळा लिहायचं : सहा, दहा, दोन आणि सहा वाजता. रोहिणीची गाडी पुण्याहून पहाटे पाचला निघणार आहे आणि धारूरला यायला सात तास लागतात, म्हणजे पहिल्या दोन नोंदी शहादेवने घ्यायच्या आहेत.